गच्चीचा दिवा

साल एकोणीसशे त्र्याऐंशी. त्या वर्षी थंडी लवकर पडली, आणि धुकं तर असं, की संध्याकाळी गच्चीवर वाळत घातलेले कपडे बायका अंदाजाने काढायच्या आणि घरी आल्यावर कुणाचं काय आपल्याकडे आलं ते बघायच्या. पण ते साल इमारतीच्या लक्षात राहिलं ते थंडीमुळे नव्हे, सायन्सबाईंच्या बल्बमुळे. त्यानंतर कित्येक वर्षं लोक हिशेब लावताना म्हणायचे, "बल्बच्या साली आमची धाकटी सातवीत होती."

सायन्सबाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. लग्न केलं नव्हतं. सगळ्यात वरच्या मजल्यावर भाऊ आणि वहिनी यांच्याबरोबर राहायच्या. दोन गोष्टींवर त्यांचा गाढ विश्वास होता. पुस्तकात दिलेलं असतं ते खरं असतं, आणि माणसाला नीट समजावून सांगितलं की ते त्याला समजतं. पहिला विश्वास शेवटपर्यंत टिकला.

इमारत होती टेकडीच्या पायथ्याशी, पण टेकडीच्या चुकीच्या बाजूला. टेलिव्हिजनचं केंद्र पलीकडे. त्यामुळे तिकडून निघालेलं चित्र टेकडी चढून, उतरून, पार थकून आमच्या लोकांपर्यंत पोचायचं. म्हणून सगळ्यांनी मिळून गच्चीवर एक उंच अँटेना उभारली होती आणि तिच्याखाली लोखंडी पेटीत बूस्टर बसवला होता. बूस्टर म्हणजे साबणाच्या वडीएवढी एक डबी. दमलेल्या चित्राला ती टॉनिक द्यायची आणि तिथून तारा घरोघर जायच्या. उन्हाळाभर सगळं झकास चाललं. धुकं पडायला लागलं तसा त्या पेटीला आतून घाम फुटू लागला, आणि रोज दिवेलागणीला सगळ्यांच्या पडद्यावर मुंग्या. नुसत्या मुंग्या. बातम्या देणारी बाई त्या मुंग्यांच्या आड कुठेतरी असायची, पण तिचं नाक कुठलं आणि कान कुठला ते ज्याचं त्याने ठरवायचं.

अँटेनावाला बोलावला की यायचा. पेटी उघडायचा, आत फुंकर मारायचा, शर्टाच्या टोकाने बूस्टर पुसायचा आणि ऑपरेशन करून आल्यासारखे हात झटकत म्हणायचा, "हवा दमट आहे. नवा बूस्टर घ्या." नको म्हटलं तर म्हणायचा, "मग काळजी घ्या." बूस्टरची काळजी घ्यायची म्हणजे काय करायचं, हे विचारण्याची कुणाची छाती झाली नाही. दोन दिवस चित्र बरं दिसायचं, तिसऱ्या दिवशी मुंग्या परत.

अशातच एका दुपारी तळमजल्यावरच्या शिवणाच्या काकू वर आल्या. काकूंचे यजमान फार लवकर गेले. शिवणयंत्रावर त्यांनी एकुलती एक मुलगी वाढवली, शिकवली. मुलगी मोठ्या शहरात नोकरीला होती आणि फावल्या वेळात गाणं शिकत होती. काकू कधी कुणाच्या घरी रिकाम्या बसल्या नाहीत. त्या दिवशीही हातात कुणाच्या तरी पोलक्याची शिलाई होती, पण सुई चालत नव्हती.

"बाई, पोरगी टेलिव्हिजनवर गाणार आहे," काकू म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात. पंधरा मिनिटं एकटी."

"अहो, मग पेढे-बिढे काही?" वहिनी आतून ओरडल्या.

"ते होईल हो. पण त्या मुंग्यांचं काय करायचं?" काकूंनी सुई कापडात टोचून ठेवली. "मी तिला एक ब्लाउज शिवून पाठवलाय. पांढरा. गळ्याशी उभी पट्टी, खांद्याला बारीक चुण्या. गेल्या दीड वर्षात पोरगी घरी आली नाही, सुट्टी मिळत नाही म्हणते. तेव्हा मापं सगळी मनातली. खांदा बसला की नाही एवढं मला बघायचंय. गाणं काय, ती लहानपणापासून गातेच."

गायिकेच्या आईने गाण्यापेक्षा खांद्याची काळजी करावी याचं बाईंना हसू आलं. पण काकूंच्या चेहऱ्याकडे पाहून ते आतच राहिलं. बाई म्हणाल्या, "काकू, आरशात दिसावी तशी दिसेल तुमची मुलगी. माझ्यावर सोडा."

हे वाक्य बाई फार सहज बोलून गेल्या. वर्गात मुलींना सांगतात ना, 'प्रयोग यशस्वी होईल', तसं.

उपाय त्यांना मुळी शोधावा लागला नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकांचं एक कपाट होतं आणि त्या कपाटात बारा महिने एक बल्ब जळत ठेवलेला असायचा. बल्ब तापतो, हवा कोरडी राहते, भिंगांवर बुरशी धरत नाही. पेटीला घाम फुटतो का? मग पेटीत बल्ब. इतकं साधं, की अँटेनावाल्याला हे सुचलं नाही याचा त्यांना रागच आला. संध्याकाळच्या आत त्यांनी एक होल्डर आणला, स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर वर नेली, पेटीत बल्ब बसवला आणि हात पुसत खाली आल्या.

"वन्सं, न्हाणीतला बल्ब कुठाय?" वहिनींनी विचारलं.

"गच्चीवर."

"गच्चीवर कोण आंघोळ करतंय?"

"बूस्टरला ऊब हवी आहे, वहिनी."

"आणि आम्ही अंधारात अंगाला साबण लावायचा का पायरीला?"

वहिनींना विज्ञानाबद्दल आदर होता, पण तो दुसऱ्यांच्या घरातल्या विज्ञानाबद्दल. तरी त्या संध्याकाळी पडद्यावर बातम्या देणाऱ्या बाईच्या कानातली कुडी दिसली तेव्हा वहिनीच पहिल्यांदा ओरडल्या, "अगं बाई, हिने हे मोती कुठून घेतले!" सगळी इमारत जिन्यात जमली. काकू खालून वर बघत उभ्या होत्या. त्यांनी बाईंना मान हलवून जी दाद दिली ती बाईंना शाळेच्या कुठल्याही बक्षिसापेक्षा मोठी वाटली.

इथे थांबायला हवं होतं. पण चांगलं चाललेलं काम चांगलं चालू देणं हे आमच्या इमारतीत कुणाला जमलं नाही.

पहिले आले कॅप्टन. कॅप्टन म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ. सगळी नोकरी त्यांनी नदीवरच्या बोटीची तिकिटं विकण्यात घालवली होती आणि बोटीत पाय ठेवला की त्यांना मळमळायचं, पण पांढरी टोपी अजून घालायचे. इमारतीतला एकुलता एक टेलिफोन त्यांच्या घरी, त्यामुळे त्यांचं मत सगळ्यांना ऐकून घ्यावं लागायचं. "चाळीसचा बल्ब?" ते म्हणाले. "एवढ्या थंडीत? बाई, शंभरचा लावा. काम करायचं तर मोकळ्या हाताने करावं." बाई म्हणाल्या की एवढी उष्णता लागत नाही. कॅप्टन म्हणाले, "तुमचं पुस्तक उन्हाळ्यात लिहिलेलं असणार." आणि बाई शाळेत गेल्या असताना त्यांनी स्वतः वर जाऊन शंभरचा बसवला.

बाई परत आल्या तेव्हा जिन्यात रंग जळाल्याचा वास येत होता. पेटीला हात लावला तर तवा. वायरवरचं प्लास्टिक मऊ होऊन ओघळलेलं. बूस्टरची डबी एका अंगाने वाकलेली. अँटेनावाला आला, त्याने फुंकर मारली नाही, टोपी काढली. "हा भाजला," तो म्हणाला. "मी तेव्हाच म्हटलं होतं, नवा घ्या." नवा बूस्टर बाईंनी मुकाट्याने आणला आणि पेटीत न्हाणीतला चाळीसचाच बल्ब परत लावला. कॅप्टन म्हणाले, "अनुभवाने माणूस शिकतो." कुणाच्या अनुभवाने, ते त्यांनी सांगितलं नाही.

मग समोरच्या इमारतीतून निरोप आला. तुमच्या गच्चीवर संध्याकाळी पिवळा उजेड हलतो, तो काय प्रकार आहे? उजेड हलत नव्हता. पेटीची झाकणी उबदार लागते हे एका मांजरीच्या ध्यानात आलं होतं, ती तिथे बस्तान ठोकून बसली होती आणि तिचं शेपूट पेटीच्या भोकांवरून इकडून तिकडे फिरायचं. बाईंनी भोकांवर पत्रा ठोकला. दुसऱ्या दिवशी पेटीत घाम. आत कोंडलेली दमट हवा बाहेर पडायला वाट हवी, हे त्या स्वतः दरवर्षी आठवीला शिकवत. पत्रा काढला, मांजर हाकलली. मांजर बाई गेल्या की परत यायची. शेवटी दोघींमध्ये समझोता झाला आणि मांजरीने शेपूट पायाखाली घेऊन बसायचं कबूल केलं असावं, कारण तक्रारी थांबल्या.

तोवर विषय ठरावकाकांच्या कानावर गेला होता. ठरावकाका सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांचं खरं नाव त्यांच्या पत्रपेटीवर होतं, पण ते कुणी वाचत नसे. कचऱ्याच्या डब्याचं झाकण हरवलं तरी ते सभा बोलावून ठराव मांडत. सभा त्यांच्याच घरी, खुर्च्या प्रत्येकाने आपापल्या आणायच्या.

"आपल्या गच्चीवर एक दिवा रात्रंदिवस जळतो," ठरावकाका म्हणाले, "आणि तो पेटीत आहे. म्हणजे कुणाला दिसत नाही. असा दिवा ठेवता येतो का, हा प्रश्न आहे."

"दिसत होता तेव्हाही तुमची तक्रार होती," बाई म्हणाल्या.

"ती समोरच्यांची होती. ही आपली आहे."

"अहो, तो दिवा नाही. ती ऊब आहे."

"इतिवृत्तात ऊब लिहू?" ठरावकाकांनी चष्मा कपाळावर चढवला. "वाचणारा काय म्हणेल?"

त्यावर बाईंनी ठरवलं, सगळ्यांना एकदाच नीट समजावून सांगायचं. रविवारी सकाळी जिन्याच्या चौकात त्यांनी शाळेतून आणलेला लहान फळा टांगला आणि हवेतली वाफ, थंड पत्रा, त्यावर जमणारे थेंब, बल्बची उष्णता असं सगळं चित्रं काढून सांगितलं. सगळे आले होते. कॅप्टनने मध्येच दोन शंका काढल्या आणि त्यांची उत्तरंही स्वतःच दिली. काकू तेवढ्या आल्या नाहीत. त्यांना कुणाच्या तरी लग्नाचे कपडे शिवून द्यायचे होते, यंत्राचा आवाज खालून येतच होता. बाईंच्या मनात आलं, काकूंना वेगळं सांगावं. मग वाटलं, ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय त्यांना काय सांगायचं.

सभेने असं ठरवलं की बल्ब राहू द्यावा, पण वीज ऑफिसची परवानगी घ्यावी. ती घ्यायची बाईंनी. वीज ऑफिसात बाई शाळा सुटल्यावर जात. तिथल्या साहेबांची खुर्ची गोल फिरणारी होती आणि ते अर्जदाराकडे पाठ करून विचार करत.

"दिवा आहे की शेगडी?" त्यांनी भिंतीला विचारलं.

"बल्ब आहे."

"म्हणजे दिवा. कशासाठी?"

"उष्णतेसाठी."

खुर्ची फिरली. "म्हणजे शेगडी."

"शेगडी कशी असेल? बल्ब आहे हो, साधा, घरातला."

"बाई, अर्जात दोनच रकाने आहेत. उजेडासाठी लावलेला तो दिवा. उष्णतेसाठी लावलेली ती शेगडी. शेगडी म्हटलीत तर जाड वायर, वेगळं मीटर, वेगळी तपासणी. दोन-तीन महिने धरून चाला. दिवा म्हटलात तर उद्या माणूस येईल."

काकूंच्या मुलीचं गाणं पुढच्या आठवड्यात होतं.

बाई त्या अर्जाकडे कितीतरी वेळ बघत बसल्या. उपकरण कशासाठी वापरतात, या प्रश्नाला चुकीचं उत्तर लिहिलं म्हणून त्यांनी उभ्या नोकरीत किती मुलींचे गुण कापले असतील! मग त्यांनी पेन उघडलं आणि 'उजेडासाठी' असं लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा बारीक आलं.

पाहणीला साहेब स्वतःच आले. ठरावकाकांनी पेटी उघडून दाखवली. साहेब वाकले, आत बघितलं, मांजरीकडे बघितलं. "उजेड आहे," ते म्हणाले, "पण या उजेडात बसतं कोण?" साहेबांनी कागदावर खूण केली आणि एक अट घातली. दिवा म्हटला की त्याला हाताशी बटण पाहिजे. खिडकीतून वायर आणून चालणार नाही. बटण गच्चीच्या दाराजवळ, माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर, आणि कशाचं आहे ते त्यावर लिहिलेलं.

दुसऱ्या दिवशी बटण बसलं. ठरावकाकांचं अक्षर वळणदार, त्यांनी लाल रंगाने वर लिहिलं, 'गच्चीचा दिवा'.

बाई म्हणाल्या, "खाली 'बंद करू नये' असंही लिहा ना."

"अर्जात तसं नाही," ठरावकाका म्हणाले. "वाढीव मजकुराला ठराव लागेल. पुढच्या सभेत घेऊ."

आता कुठे भांडायचं, असं बाईंना वाटलं. परवानगी मिळाली होती, चित्र लख्ख होतं, इमारतीतल्या सगळ्यांना सगळं समजावून झालं होतं. त्या खाली उतरल्या. पुढे आयुष्यभर त्यांना ही पायरी उतरल्याचं आठवत राहिलं.

गाण्याचा दिवस उजाडला. दुपारभर स्वच्छ ऊन होतं. बाईंनी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढली, वहिनींनी बैठकीची खोली झाडून घेतली, खालून वरून खुर्च्या आल्या. संध्याकाळी उन्हं उतरली तसं टेकडीवरून धुकं खाली आलं. काकू सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या होत्या. इस्त्रीचे कपडे, केस चोपून बांधलेले, आणि गळ्यात मापाची टेप. काढायची विसरल्या होत्या.

"काकू, टेप?" वहिनी हसल्या.

"असू दे, असू दे," काकूही हसल्या. "खांदा मोजता आला तर बघते."

निवेदिका आली. तिने मुलीचं नाव घेतलं. काकूंनी टेपची दोन्ही टोकं मुठीत धरली. आणि पडदाभर मुंग्या.

"हे काय!" कॅप्टन उठले आणि त्यांनी टीव्हीच्या कुशीत एक गुद्दा दिला. मुंग्या उसळल्या आणि पुन्हा बसल्या. गाण्याचा आवाज येत होता, पण कढईत काहीतरी तळत असावं आणि तिच्यापलीकडे कुणी गात असावं, तसा. "अहो अँटेना फिरवा!" "फिरवू नका, आहे ते पण जाईल!" "बाई, तुमचं ते विज्ञान कुठे गेलं?" बाई तोवर जिना चढत होत्या.

पेटी गार होती. आत हात घातला तर बोटं ओली झाली. बल्ब विझलेला. त्या दाराकडे धावल्या. बटण बंद होतं. आणि बटणाच्या काळ्या टोकावर निळ्या खडूचा ठसा होता. कापडावर खुणा करायचा चपटा निळा खडू, तो इमारतीत एकाच घरात होता.

बाईंना सगळं एका क्षणात दिसलं. काकू कापड बेतण्याआधी ते भिजवायच्या आणि गच्चीवर वाळत घालायच्या. दुपारी त्या वाळलेलं कापड न्यायला आल्या असणार. डोक्यावर लख्ख ऊन, दारात लाल अक्षरात 'गच्चीचा दिवा', आणि बटण चालू. एका दिव्याखाली जिने मुलीचं शिक्षण आणि स्वतःचं शिवण दोन्ही उरकलं, जी रिकाम्या खोलीतला दिवा कुणाच्याही घरातला असो, आत जाऊन मालवायची, ती बाई ते बटण चालू सोडून खाली गेली असती तरच नवल.

बाईंनी बटण दाबलं. मग रुमालाने तो निळा ठसा पुसला. पुसून झाल्यावर पुन्हा एकदा पुसला.

बल्ब तापायला, पेटी कोरडी व्हायला वेळ लागतो. बाई वरच उभ्या राहिल्या. खालून टाळ्या वाजल्यासारखा आवाज आला तेव्हा त्या उतरल्या. गाणं संपलं होतं. खोलीत काकू विचारत होत्या, "बाही कशी होती? कुणाला दिसली का? माझे डोळे मेले आता अधू झालेत."

एकमेकांकडे बघण्यात जो क्षण गेला तेवढाच. मग कॅप्टन म्हणाले, "उत्तम! खांदा अगदी जिथल्या तिथे."

"चुण्या पण दिसल्या हो," वहिनी म्हणाल्या.

"गळ्याची पट्टी ताठ होती," ठरावकाकांनी नोंदवलं.

आणि तेवढ्यात पडदा स्वच्छ झाला. लख्ख, काच पुसल्यासारखा. एक गृहस्थ बटाटे कसे साठवावेत ते सांगत होता. त्याच्या कोटाचं एक बटण सैल होतं, तेही दिसत होतं.

"बल्ब गेला होता," बाई दारातून म्हणाल्या. "बदलला मी."

मग मात्र सगळ्यांना वाचा फुटली. "आजच्याच दिवशी बरा गेला!" "एवढा फळा टांगून शिकवलं, आणि एक जादा बल्ब वर पेटीजवळ ठेवला नाही?" "मी शंभरचा म्हणत होतो." बाई ऐकत राहिल्या. काकू तेवढ्या म्हणाल्या, "जाऊ द्या हो. वस्तूच ती. आवाज तर तिचाच होता ना?"

त्यानंतर सगळे काकूंना घेऊन कॅप्टनच्या घरी गेले, मुलीला फोन लावायला. लाइन मिळायला उशीर झाला. काकू फोनवर नेहमी ओरडून बोलायच्या, त्यामुळे जिन्यातल्या लोकांनाही ऐकू आलं. "बाही छान बसली गं! खांदा अगदी मापात! मी डोळे भरून बघितला ब्लाउज!" पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग फोन ठेवल्याचा आवाज आला. "रडली असेल आनंदाने," काकू म्हणाल्या. सगळ्यांना ते पटलं.

सकाळी कॅप्टन हजर. "तो गेलेला बल्ब बघू. कंपनीला लिहिलं पाहिजे." बाई आत गेल्या. दार लावून त्यांनी कपाटातला जादा बल्ब काढला. चांगला, कोरा बल्ब. मग तो टॉवेलात गुंडाळून टेबलाच्या कडेवर आपटत राहिल्या. आतली तार तुटायला तयार नव्हती. उभ्या आयुष्यात बाईंनी खोटा पुरावा पहिल्यांदाच तयार केला, आणि तोही जमता जमेना. शेवटी तार तुटली. कॅप्टनने बल्ब कानाशी धरून हलवला आणि म्हणाले, "गेलाय खरा."

वहिनी दारात उभ्या होत्या. घरातली काडेपेटीसुद्धा कुठल्या खणात आहे ते त्यांना झोपेत सांगता यायचं. कपाटातला जादा बल्ब काल गाणं संपल्यावरही जागेवर होता आणि आज नाही, हे त्यांना न कळणं शक्यच नव्हतं. त्या बाईंकडे बघत राहिल्या आणि त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच काही न बोलता स्वयंपाकघरात गेल्या.

पुढच्या सभेत बल्ब काढून टाकायचा ठराव झाला. 'बंद करू नये' हा मजकूर त्याच सभेत यायचा होता, पण बल्बच नाही म्हटल्यावर तो विषय आपोआप बाद झाला. सायन्सबाईंचं नाव बल्बबाई पडलं. शाळेतल्या मुलींपर्यंतही ते पोचलं.

त्यानंतर काही दिवसांनी काकू एकदा वर आल्या. हात रिकामे होते.

"बाई, त्या दिवशी दुपारी मी वर..."

"काकू, बल्ब जुना होता," बाई घाईघाईने म्हणाल्या. "न्हाणीतला. कधी ना कधी जाणारच होता."

"पण मी..."

"त्याचं काही मनात आणू नका तुम्ही. चहा टाकते."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. चहा न घेताच त्या उतरल्या. त्यानंतर त्या वर आल्या नाहीत. जिन्यात भेटल्या की थंडीबद्दल बोलायच्या, पाण्याबद्दल बोलायच्या. बाईंना वाटलं होतं, आपण त्यांच्या मनावरचं ओझं टाळलं. उलट ते काकूंजवळच राहिलं आणि बोलून ते उतरवायची सोयही आपण ठेवली नाही, हे फार उशिरा ध्यानात आलं.

कॅप्टन पुढे तीन-चार वर्षांनी गेले. जाण्याआधी एकदा नातवाच्या हट्टाने बोटीत बसले होते म्हणतात, आणि मळमळलं नाही. ठरावकाका मुलाकडे राहायला गेले. तिथल्या इमारतीला सेक्रेटरी होता, त्यामुळे त्यांचा वेळ जाईना. अँटेनावाल्याने केबलचा धंदा काढला आणि टेकडी कुणाच्या आड यायची राहिली नाही. वीज ऑफिसचे साहेब बढतीवर गेले. वहिनी अजून आहेत. त्यांना आता फारसं आठवत नाही, पण घरात काय कुठे आहे ते अजून बिनचूक सांगतात.

मुलगी त्यानंतर दोन वर्षं घरी आली नाही. सुट्टी मिळत नाही, एवढंच कळवायची. मग आली ती आजारी आईच्या उशाशीच. काकू त्या वेळी बोलू शकत नव्हत्या. ती पुन्हा टेलिव्हिजनवर गायली नाही. गाण्याचे वर्ग चालवते असं कळलं.

काकू गेल्यावर तळमजल्यावरची खोली रिकामी करायला ती आली तेव्हा बाई मदतीला गेल्या. दोघी जमिनीवर बसून चिंध्यांच्या पिशव्या बांधत होत्या. मुलगी एकदम म्हणाली, "बाई, त्या दिवशी मी आईचा ब्लाउज घातलाच नव्हता. पांढरा रंग दिव्यांत चमकतो म्हणून तिथल्या लोकांनी ऐन वेळी त्यांच्याकडचा एक गडद रंगाचा घालायला दिला. गाताना सगळं लक्ष तिकडेच. आई बघत असेल, आई काय म्हणेल. आणि रात्री तिचा फोन, ब्लाउज छान बसला म्हणून. सगळ्यांसमोर मला टोमणा मारतेय असं वाटलं. एवढं लागेल असं आई कधी बोलली नव्हती मला. घरी यायचं तोंडच राहिलं नाही."

बाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"तिने तुला बघितलंच नाही गं," त्या म्हणाल्या. "कुणीच नाही. पडदाभर मुंग्या होत्या. आम्ही सगळ्यांनी तिला सांगितलं, बाही छान बसली म्हणून."

मुलगी आधी हसली. बराच वेळ हसली. मग तिने विचारलं, "मुंग्या कशाने आल्या?"

"दमट हवेने," बाई म्हणाल्या.